दहा युनिट म्हणजे किती?

या प्रश्नाला उत्तर नाही. दहा युनिट कुठल्या औषधाचे, कुठल्या बाटलीतले आणि कुठल्या सिरिंजवर मोजलेले, हे कळल्याशिवाय हा आकडा पोकळ आहे. तरीही आमच्या हातकणंगले तालुक्यात कित्येक घरांत रोज सकाळ-संध्याकाळ याच आकड्याच्या भरवशावर सुई टोचली जाते. घरातली म्हातारी माणसं इन्सुलिन घेतात. आणि आता त्याच घरातली विशी-पंचविशीतली पोरं, दार लावून, इंटरनेटवरून मागवलेल्या पावडरच्या बाटल्यांत पाणी घालून टोचून घेतात. दोघांचा प्रश्न एकच आहे. दोघंही तो एकमेकांना विचारत नाहीत.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. डॉक्टर नाही, फार्मासिस्टही नाही. त्यामुळे कोणतं औषध घ्यावं आणि किती घ्यावं, यावर मी एक शब्दही बोलणार नाही. माझं म्हणणं मापाबद्दल आहे. आकड्यापुढे एकक नसेल तर काय होतं, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला चांगलं माहीत असतं. १९९९ साली नासाचं मंगळाकडे गेलेलं क्लायमेट ऑर्बिटर हे यान नष्ट झालं, कारण एका गटाचा प्रोग्राम पाउंडाच्या हिशोबात आकडे देत होता आणि दुसऱ्या गटाचा ते न्यूटनच्या हिशोबात वाचत होता. आकडे बरोबर होते. एककं वेगळी होती.

नात्यातला एक मुलगा इचलकरंजीत जिमला जातो. पोलीस भरतीची तयारी करतोय, खांदा दुखावलेला. गेल्या वर्षी त्यानं मला मोबाईलवर एक तक्ता दाखवला. "भाई, तुम्ही कॉम्प्युटरवाले, एवढा हिशोब बघा की. दहा युनिट म्हणजे दहाव्या रेघेपर्यंतच ना?" बाटलीवर ५ मिलीग्रॅम लिहिलेलं. तक्ता म्हणत होता, दोन मिली पाणी घाला आणि दहा युनिट घ्या, म्हणजे २५० मायक्रोग्रॅम होतात. या २५० ला वैद्यकीय आधार काय, असं मी विचारलं तर उत्तर नव्हतं. पण तो मुद्दा बाजूला ठेवून आधी हिशोब बघू.

पावडर ५ मिलीग्रॅम, म्हणजे ५००० मायक्रोग्रॅम. पाणी २ मिली. म्हणजे एका मिलीत २५०० मायक्रोग्रॅम. लहान मुलांच्या अँटिबायोटिकच्या कोरड्या सिरपमध्ये आपण उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालतो, त्यातलाच हा प्रकार. पाणी कमी पडलं तर औषध घट्ट, जास्त पडलं तर पातळ. खूण चुकली की प्रत्येक चमचा चुकतो. तर २५० मायक्रोग्रॅम हवे असतील तर ०.१ मिली घ्यायचं. इथपर्यंत नववीच्या गुणोत्तराचं गणित आहे.

आता सिरिंज. मी त्याला म्हटलं, सिरिंज दाखव. त्यानं दाखवली ती लाल टोपणाची होती. आपल्याकडच्या मेडिकलमध्ये "इन्सुलिनची सिरिंज द्या" म्हटलं की बहुतेक वेळा हीच हातात पडते. ती यू-४० सिरिंज. तिच्यावर एका मिलीत ४० रेघा असतात. अमेरिकेत वापरतात ती यू-१००, नारिंगी टोपणाची. तिच्यावर एका मिलीत १०० रेघा. तक्ता अमेरिकेतला होता. तिथं दहा युनिट म्हणजे ०.१ मिली. लाल टोपणाच्या सिरिंजवर दहा युनिट म्हणजे ०.२५ मिली. म्हणजे २५० ऐवजी ६२५ मायक्रोग्रॅम, अडीच पट. आणि पाणी दोन मिलीऐवजी एकच मिली घातलं असतं तर पाच पट, १२५० मायक्रोग्रॅम. यात कुणी बेरीज चुकवलेली नाही, रेघही चुकवलेली नाही. हवी होती चौथी रेघ. पण "चार" हा आकडा त्या तक्त्यात कुठंच नव्हता, कारण तक्ता करणाऱ्याला हातकणंगल्यातल्या मेडिकलमध्ये कुठली सिरिंज मिळते हे माहीत असायचं कारणच नाही.

त्यात आणखी एक खड्डा आहे. मिलीग्रॅम आणि मायक्रोग्रॅम. इंग्रजी आद्याक्षरांत लिहिले की दोन्ही जवळपास सारखे दिसतात, आणि फरक हजार पटीचा असतो.

ही फक्त जिमच्या पोरांची गोष्ट आहे, असं कुणाला वाटत असेल तर घरातल्या फ्रीजचं दार उघडावं. इन्सुलिन हेही पेप्टाइडच आहे, ५१ अमिनो आम्लांचं. भारतात त्याची जुनी, स्वस्त, दहा मिलीची बाटली येते ती एका मिलीला ४० युनिटची, म्हणजे अख्ख्या बाटलीत ४०० युनिट. पेनमध्ये बसणारं तीन मिलीचं कार्ट्रिज येतं ते एका मिलीला १०० युनिटचं, म्हणजे त्यात ३०० युनिट. काही नवी इन्सुलिनं बाटलीतही १०० च्या ताकदीची मिळतात. एकाच मेडिकलच्या एकाच फ्रीजमध्ये दोन ताकदीची बाटली, आणि शेजारच्या खणात दोन मापांची सिरिंज. जोडी जुळवायची जबाबदारी कुणाची? कागदोपत्री सगळ्यांची, म्हणजे कुणाचीच नाही.

माझ्या खालाचं पेन एकदा बिघडलं. रविवार होता. एका मेडिकलमधून सल्ला मिळाला की कार्ट्रिजमधूनच सिरिंजनं औषध ओढा, आणि सोबत लाल टोपणाची सिरिंज दिली गेली. तिचा डोस २० युनिट. सुनेनं विसाव्या रेघेपर्यंत ओढलं आणि थांबली. कार्ट्रिज एका फटक्यात एवढं खाली कसं गेलं, असा तिला प्रश्न पडला. तिनं मला फोन केला. विसावी रेघ म्हणजे अर्धा मिली. १०० च्या ताकदीच्या औषधाचा अर्धा मिली म्हणजे ५० युनिट. खालाच्या वयाला आणि साखरेला ५० युनिट म्हणजे घाम, थरथर, बेशुद्धी, आणि रात्री झोपेत झालं असतं तर कुणाला कळलंही नसतं. सून बी.कॉम. आहे. डॉक्टरकीचं तिला काही माहीत नव्हतं. तिनं फक्त डोळ्यांनी पाहिलेलं आणि आकड्यानं सांगितलेलं जुळत नाही, हे ओळखलं.

उलटी चूकही होते. ४० च्या बाटलीतलं औषध १०० च्या सिरिंजनं वीस रेघा ओढलं तर अंगात जातात फक्त आठ युनिट. मग साखर वाढलेलीच राहते, डॉक्टर डोस वाढवतात, पेशंट म्हणतो औषध लागू पडत नाही. पुढे कधी योग्य सिरिंज हातात आली की तोच वाढवलेला डोस घात करतो.

हे युनिट आलं कुठून? १९२१ साली टोरंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळं काढलं आणि जानेवारी १९२२ मध्ये १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला ते पहिल्यांदा दिलं गेलं. तेव्हा ते जनावरांच्या स्वादुपिंडातून काढत. शुद्ध किती आणि भेसळ किती हे कळायला मार्ग नव्हता, त्यामुळे वजनानं मोजण्यात अर्थ नव्हता. म्हणून सशाची साखर किती उतरते यावरून युनिट ठरवलं. म्हणजे युनिट हे परिणामाचं माप आहे, ते त्या एका औषधापुरतंच खरं. इन्सुलिनच्या सिरिंजवरची रेघ "इन्सुलिनचे युनिट" सांगते, तेही ठरावीक ताकदीच्या इन्सुलिनचे. त्याच सिरिंजमध्ये दुसरं औषध भरलं की "युनिट" या शब्दाला काही अर्थ उरत नाही. मग ती नुसती मिलीची छोटी पट्टी असते. जिमच्या तक्त्यातलं पहिलं असत्य हेच आहे.

या घोळात शिकलेले आणि पैसेवालेही फसतात. वजन कमी करण्यासाठी सेमाग्लूटाइडचा बोलबाला झाल्यावर अमेरिकेत काही दुकानं ते बाटलीत भरून विकू लागली. जुलै २०२४ मध्ये तिथल्या औषध नियंत्रकांना जाहीर इशारा द्यावा लागला, कारण मिलीग्रॅम, मिली आणि युनिट यांच्या गोंधळात काही पेशंटनी स्वतःला ठरलेल्या डोसच्या पाच ते वीस पट औषध टोचलं होतं. काहींना दवाखान्यात भरती व्हावं लागलं. आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइड आलं ते आधी बाटलीतच, पण एका बाटलीत एकच डोस, अर्ध्या मिलीत मोजून भरलेला. कंपनीनं माप स्वतःकडे ठेवलं म्हणजे चूक कमी होते. माप पेशंटकडे सोपवलं की त्याला मापायला शिकवणंही आलं. आपण माप सोपवतो आणि शिकवणं विसरतो.

आता कुणी म्हणेल, पोरांना हा हिशोब शिकवणं म्हणजे त्यांना रस्ता दाखवणं. मला हे पटत नाही. रस्ता त्यांना आधीच सापडलाय, फक्त त्यावर दिवे नाहीत. आणि खरं सांगायचं तर हिशोब नीट शिकवला तरच त्याची हद्दही दिसते. आमच्याच तालुक्यात हुपरी आहे. चांदीच्या कामासाठी सगळीकडे नाव असलेलं गाव. तिथला कारागीर काट्यावर वजन करण्याआधी टंच बघतो. चांदीत चांदी किती हे कळल्याशिवाय वजनाला मोल नाही. इंटरनेटवरून आलेल्या बाटलीचा टंच कोण बघतं? लेबलवर ५ मिलीग्रॅम छापलंय, पण आत तीन आहे की आठ, तेच औषध आहे की दुसरंच, निर्जंतुक आहे की नाही, हे तपासणारं कुणी नाही. खूपशा बाटल्यांवर "फक्त संशोधनासाठी, माणसांनी वापरू नये" असंही इंग्रजीत बारीक छापलेलं असतं. ५००० भागिले २ हा भागाकार कितीही बरोबर केला, तरी वरचे ५००० च खात्रीचे नसतील तर उत्तर काय कामाचं? सिरिंजची रेघ बरोबर निवडणं म्हणजे खोट्या चांदीचं अचूक वजन करणं. त्या मुलाला मी एवढंच सांगितलं. त्यानं बाटली टाकली की नाही, मला माहीत नाही. खांदा मात्र त्यानं डॉक्टरांना दाखवला.

यात आणखी एक गोष्ट भरतीच्या आणि कुस्तीच्या पोरांनी लक्षात ठेवावी. खांद्या-गुडघ्याच्या दुखापतीसाठी जिममध्ये ज्याची जास्त चर्चा असते ते बीपीसी-१५७ जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत २०२२ पासून आहे, आणि माणसांसाठी मंजूर झालेलं औषध ते नाही. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान उभं केलं, जिथल्या तालमींत मुसलमान पैलवान आणि हिंदू वस्ताद एकाच हौद्यात घाम गाळत आले, तिथला मुलगा चाचणीत बाद होऊन घरी बसला तर ते कुणालाच शोभणारं नाही.

मोहल्ल्यात या विषयावर चर्चा होतच नाही असं नाही. होते, पण एकाच अंगानं. इंजेक्शननं रोजा तुटतो का? हलाल आहे की हराम? दरवर्षी रमजानच्या तोंडावर हाच प्रश्न मौलानांकडे जातो. तो गैर नाही, आणि त्याचं उत्तरही जुनं आहे. जेद्द्यात १९९७ साली आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीनं ठराव करून सांगितलं की पोषणासाठी नसलेलं, कातडीखाली किंवा स्नायूत दिलेलं इंजेक्शन रोजा तोडत नाही. हा प्रश्न सुटून पंचवीसहून जास्त वर्षं झाली. ज्याचं उत्तर दरवर्षी नव्यानं शोधायला हवं तो प्रश्न आपण विचारतच नाही: रमजानात माझा डोस किती, आणि सहरीचा कुठला, इफ्तारचा कुठला? जेवणाच्या वेळा उलट्यापालट्या झाल्या की इन्सुलिनच्या वेळा आणि प्रमाण दोन्ही डॉक्टरांकडून बदलून घ्यावे लागतात. साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, असं मधुमेहतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटलंय. किती घरांत दुपारी चार वाजता बोटातून थेंब काढून साखर बघितली जाते? मापात कमी देणाऱ्यांना कुरआनात अख्खी एक सूरह बजावते, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. ते बजावणं बाजारातल्या तराजूपुरतंच आहे असं मानून आपण घरातल्या मापाकडे दुर्लक्ष करतो.

मग करायचं काय? छापे टाकणं हे अन्न व औषध प्रशासनाचं काम आहे, त्यांनी ते करावं. आपल्या हातात जे आहे ते असं.

एक, सिरिंज घेताना बाटली सोबत न्यायची. बाटलीवर ४० असेल तर सिरिंजवर ४०, बाटलीवर १०० असेल तर सिरिंजवर १००. टोपणाचा रंग खुणेला ठीक, पण वाचायचा तो आकडा. कार्ट्रिजमधून सिरिंजनं ओढायचं नाही. पेन बिघडलं तर डॉक्टरांना फोन करायचा.

दोन, डॉक्टरांना विनंती करायची की चिठ्ठीवर "युनिट" हा शब्द पूर्ण लिहा. इंग्रजी आद्याक्षर घाईत शून्यासारखं दिसतं, आणि ४ चे ४० होतात. ही चूक जगभर एवढी झाली की अमेरिकेत रुग्णालयांना तसं लिहायला २००४ पासून मनाई आहे.

तीन, पाणी घालून तयार करायचं खरं, डॉक्टरांनी दिलेलं औषध घरात आलं, वंध्यत्वाच्या उपचारातलं असो किंवा वाढीच्या हार्मोनचं, तर दवाखान्यातून निघण्याआधी नर्सताईंसमोर एकदा स्वतः करून दाखवायचं. किती पाणी, किती मिली ओढायचं, कुठली सिरिंज, हे तिन्ही मराठीत लिहून घ्यायचं आणि फ्रीजच्या दाराला लावायचं. हे काम बहुतेक घरांत मुलीच करतात. इंग्रजी कागद त्याच वाचतात, सुईही त्याच टोचतात. तेव्हा शिकवायच्या वेळी त्यांनाच पुढे बसवायचं.

चार, रमजानच्या आधीच्या एका शुक्रवारी, नमाजनंतर अर्धा तास, गावातल्या एखाद्या फार्मासिस्टला बोलवायचं. दोन सिरिंज, दोन रिकाम्या बाटल्या, शाई घातलेलं पाणी. बायकांसाठी वेगळी वेळ न ठेवता त्यांनाही त्याच वेळी बोलवायचं. याला परवानगी लागत नाही, निधी लागत नाही. पन्नास रुपयांचा खर्च आहे.

आणि पाचवी गोष्ट सरकारसाठी. ब्रिटननं १९८३ साली सगळं इन्सुलिन १०० च्या एकाच ताकदीवर आणलं, जुन्या सिरिंज बाद केल्या, लोकांना आधी सांगितलं. चाळीस वर्षं उलटली, आपण दोन मापं सांभाळत बसलोय. एकच माप करा ही मागणी आपण केली पाहिजे, पण एका अटीवर. ४० ची बाटली गरिबाचं इन्सुलिन आहे. माप बदलायच्या निमित्तानं ती महाग झाली तर यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा माणूस डोस चुकवेल तो सिरिंजमुळे नाही, खिशामुळे. तेव्हा प्रत्येक युनिटची किंमत आज आहे तेवढीच राहील, असं लिहून द्या आणि मग बदला.

हे होईल तेव्हा होईल. आज संध्याकाळी घरी गेल्यावर अब्बांची किंवा अम्मीची सिरिंज हातात घ्या. तिच्यावर काय छापलंय ते वाचा, मग बाटलीवरचं वाचा. आकडे जुळले तर दोन मिनिटं गेली. नाही जुळले तर पुढची सुई टोचण्याआधी डॉक्टरांना फोन करा.